चार रातींचा वाटा

आण्णांच्या कमरेला एक कापडी पिशवी बांधलेली असायची आणि तिच्यात वॉलच्या मुठी असायच्या. ठिबकच्या प्रत्येक वॉलला, म्हणजे पाण्याच्या तोटीला, एक लाल प्लास्टिकची मूठ असते. ती फिरवली की त्या भागातल्या वेलींना पाणी सुरू होतं. आण्णांनी बागेतल्या सातही वॉलच्या मुठी काढून घेतल्या होत्या. लग्नाला गेले तरी पिशवी कमरेला, जेवायला बसले तरी मांडीखाली. मी पहिल्यांदा बागेत गेले तेव्हा उघडेबोडके वॉल बघून मला वाटलं, चोरी झाली. लगबगीने त्यांना सांगायला गेले. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पिशवी खुळखुळ वाजवली आणि म्हणाले, "चोर घरातच हाय, म्याडम. जेवाय थांबा."

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलेलं त्यांना आवडायचं नाही, आणि तसंही सगळा गाव त्यांना आण्णाच म्हणतो. मी तेव्हा एका वाईन कंपनीत फील्ड ऑफिसर होते. कंपनीशी करार केलेल्या शेतकऱ्यांच्या बागा बघायच्या, पाणी किती, खत किती ते सांगायचं आणि द्राक्षं तयार झाली की साखर मोजून वायनरीला कळवायचं, हे माझं काम. मी सोलापूरच्या पूर्व भागातली. घरात पिढ्यान्‌पिढ्या माग, आणि मी घेतली शेतकीची पदवी. त्यावर आई तेलुगूत जे बोलली ते इथे सांगण्यासारखं नाही. मला राग लवकर येतो आणि तोंड गप्प राहत नाही, हेही आधीच सांगून टाकते. कारण या आण्णांपायी मला तीन वर्षं तोंड शिवून बसावं लागलं, तेही एकासाठी नाही, दोघा भावांसाठी.

आण्णांची बाग कुंभारीच्या पुढे, अक्कलकोटच्या रस्त्याला, एका माळावर. दोन एकर शिराझ, म्हणजे वाईनची काळी द्राक्षं. नुसता मुरूम, वर चुनखडी. त्या माळावर पूर्वी कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं. आण्णा लहानपणी तिथेच मेंढरं राखायचे. बांधाखाली त्यांचं काळं रान होतं, त्यात ज्वारी चांगली यायची, पण त्यांचा सगळा जीव वरच्या माळावर. "हितं आमच्या बाच्या आयुष्यात हिरवं काय दिसलं न्हाय," म्हणायचे. "म्या दावलं."

बागेत शिरायच्या आधी चप्पल काढायची, हा त्यांचा नियम. पहिल्या दिवशी मला वाटलं देवभोळेपणा असेल. तसं काही नव्हतं. "पायाला वल कळती," एवढंच त्यांचं म्हणणं. माझ्याकडे ओल मोजायचं यंत्र होतं. ते मुळापाशी रोवून ठेवायचं आणि काटा बघायचा. आण्णा यंत्रावर कधी रागावले नाहीत. रोज सकाळी त्याच्याशेजारी अनवाणी उभे राहायचे, टाच जमिनीत दाबायचे आणि मग काटा वाचून, "व्हय, बरोबर हाय बिचारं," म्हणून त्याला शाबासकी द्यायचे. एकदा पुण्याहून आमचे मॅनेजर आले होते, गुडघ्यापर्यंत बूट घालून. आण्णांनी त्यांचेही बूट काढायला लावले. साहेब मुरमातून असे चालत होते की मला हसू आवरेना, आणि आण्णा मात्र गंभीरपणे विचारत होते, "लागली का वल, सायेब?"

वाईनची द्राक्षं म्हणजे आमच्याकडच्या लोकांना कोडंच. खायच्या द्राक्षाला भरपूर पाणी द्यायचं, पोत्यांनी खत ओतायचं, मणी टपोरा झाला पाहिजे. वाईनच्या द्राक्षाला हे सगळं उलटं. मणी बारीक हवा, साल जाड हवी, रस घट्ट हवा. पाणी जास्त झालं की मणी फुगून रस पातळ होतो. नत्र जास्त झालं की वेल नुसता पाला वाढवत सुटते आणि घड तसाच हिरवट चवीचा राहतो. हे मी शेतकऱ्यांना समजावताना वहीत चित्रं काढायची, आकडे सांगायची. आण्णांनी ते एका दमात सांगितलं. "टेबलची बाग म्हंजी म्हस. बांदा, खाऊ घाला, धारा काडा. ही वाईनची बाग म्हंजी मेंढरू. हिला चालवाय लागतंय. हिला बसवून खाऊ घाटलं की बिगाडली." त्यानंतर मी वही बाजूला ठेवली आणि बाकीच्या गावांतही हेच सांगत सुटले.

शेजारचे बागायतदार त्यांना सांगायचे, "आण्णा, साखर भरंना व्हय? पालाश सोडा की." खायच्या बागेत तेच करतात. वाईनच्या बागेत पालाश, म्हणजे पोटॅश, जास्त झालं तर रसातला आंबटपणा पडतो आणि वाईन मिळमिळीत होते. आण्णांना हे कुणी शिकवलं नव्हतं, पण ते मान हलवायचे. "गोडी पोत्यातनं येत न्हाय. गोडी उनातनं येती." पानाचे देठ तपासायला प्रयोगशाळेत पाठवायचे असले की मी तोडलेल्या देठांतला एक ते आधी स्वतः चावायचे. चघळून थुंकायचे आणि खत कमी की जास्त याचा निकाल द्यायचे. बारा दिवसांनी रिपोर्ट यायचा आणि बहुतेक वेळा जुळायचा. एकदा नाही जुळला. मी रिपोर्ट नाकापुढे नाचवला तेव्हा म्हणाले, "त्या दिशी म्या तंबाकू खाल्ली व्हती."

पाण्याच्या बाबतीत त्यांचं घरात कुणाशीच पटायचं नाही. त्यांची बायको, आम्ही सगळे तिला आक्का म्हणायचो, अक्कलकोटच्याही पलीकडची. रागावली की कन्नड सुरू. जानेवारीत मणी मऊ पडतात, रंग भरायला लागतात; त्याला आमच्याकडे पाणी उतरलं म्हणतात. त्यानंतर आण्णा पाणी पावपट करायचे. दुपारी पानं वाट्यांसारखी वळायची. आक्का ओट्यावरून ते बघायची आणि तिच्या जिवाची घालमेल व्हायची. "दारात आल्याल्या कुत्र्याला बी आमी पानी दितो, बाई," ती मला म्हणायची, "आन हिरीत पानी असताना ह्यो येलीस्नी न्हाय म्हणतो." आण्णा काही बोलायला गेले की "सुम्नीरी," म्हणजे गप्प बसा, आणि आण्णा खरोखर गप्प बसायचे. पण पिशवी कमरेचीच.

मोठा मुलगा पुण्यात नोकरीला. त्याने विहिरीवरच्या मोटारीला मोबाईलवर चालू होणारा स्टार्टर बसवून दिला. आईचं ऐकून एकदा त्याने पुण्यातूनच मोटार चालू केली. आण्णा खोडाला टेकून विडी ओढत बसले होते. "चालू दे की," म्हणाले. "पानी जाणार कुटं? रस्ता माझ्या कमरंला हाय."

आता मूळ गोष्टीकडे येते. मी नोकरीला लागले त्याच्या आदल्या हंगामात आण्णांचा सगळा माल वायनरीच्या गेटवरून परत आला होता. साखर कमी, मणी फुगलेला, चव हिरवी. दोन गाड्या द्राक्षं आण्णांनी तशीच धाकट्या भावाच्या मेंढरांपुढे टाकली. करारात लिहिलं होतं की सलग दुसऱ्या वर्षी माल नापास झाला तर कंपनी ती बाग सोडून देईल. आणि मुलाने बापाला फोनवर सांगून ठेवलं होतं की तसं झालं तर बाग मुळासकट काढायची, माळ तसाच पडू द्यायचा. एकदा खोडं उपटली की त्या वयात आण्णा दुसरी बाग लावणार नव्हते. ते हे कधी बोलले नाहीत. आक्का बोलली. "बाग गेली की ह्यो मानूस बी बसंल," ती म्हणाली, आणि चहा ओतता ओतता तिने तोंड फिरवलं.

मी मागच्या वर्षीचे रिपोर्ट काढले. नत्र भरमसाट. पण आण्णांनी तर खताची पोती फोडलीच नव्हती. एकोणीस-एकोणीस खताच्या दोन पोत्यांवर आक्का धान्य निवडायला बसायची. मग नत्र आलं कुठून? मी दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी आक्कानेच सहज सांगितलं, "मेंढरं बसतात न्हवं का भाद्रपदात."

धनगराचा कळप रात्रभर रानात बसवून घेणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. सकाळी कळप उठून जातो आणि रानाला लेंडीखत मिळतं. लोक त्यासाठी धनगराला धान्य देऊन बोलावतात. आण्णांच्या बागेत धाकट्या भावाचा, तात्यांचा, दीडशे मेंढरांचा कळप दर वर्षी चार रात्री बसायचा, ऑक्टोबरच्या छाटणीच्या आधी. वेली मांडवावर चढलेल्या, पाला जून झालेला, मेंढरं खालचं गवत खाऊन ओळींमध्ये बसायची. ज्वारीला ते सोन्यासारखं खत. वाईनच्या वेलीला मात्र ते नको तेवढं व्हायचं. ऐन फुटीच्या वेळी एवढं नत्र हाताशी, मग वेलीचा शेंडा पळत सुटणार नाही तर काय?

मी तडक बागेत गेले आणि आण्णांना सांगितलं, "यंदा मेंढरं बसवायची नाहीत. खालच्या रानात बसवा." माझा सूर अधिकाऱ्याचा होता, आजही आठवला की कसंसं होतं. आण्णांनी एक शेंडा बोटांत धरून वाकवून बघितला. मग म्हणाले, "भाद्रपदात खाली चिक्कल असतोय. मेंढराचं खूर सडतात." मी म्हटलं, "मग तात्यांना नाही म्हणून सांगा." ते पिशवी चाचपत निघून गेले.

ते नाही का म्हणू शकत नव्हते हे मला आक्काकडून कळलं. दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा आण्णांनी जमीन घेतली आणि तात्यांनी मेंढरं. तात्यांना जमिनीचा एक तुकडाही नको होता. बापाने तेव्हा एकच अट घातली: वर्षाला चार राती मेंढरं माळावर बसतील. म्हणजे जमिनीला मेंढरांचा वाटा आणि मेंढरांना जमिनीचा. "तेवडंच ऱ्हायलंय दोगांत," आक्का म्हणाली. तात्या फार मानी. वाटणीनंतर त्यांनी भावाकडून सुतळीचा तोडासुद्धा घेतला नव्हता. एका दिवाळीला आण्णांनी धोतरजोडी दिली, ती त्यांनी हात जोडून परत केली. बोलाचाली नव्हती असं नाही, पण निवांत भेटायचं ते वर्षातून त्या चार रातींना. दोघं बांधावर बसायचे, भाकरी खायचे, मेंढरांचं आणि पावसाचं बोलायचे. आता आण्णांनी मेंढरं नको म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं होतं, ते मला तेव्हा समजलं आणि माझी मलाच लाज वाटली.

भाद्रपदात कळप आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी पोहोचले तेव्हा मेंढरं रस्त्याला लागली होती आणि आण्णा वेलींच्या ओळीत कमरेत वाकून खराट्याने जमीन झाडत होते. सत्तरीचा माणूस, दोन एकर रान. लेंड्या झाडून ढीग करायचा, टोपल्यात भरायचा, बांध उतरून खालच्या ज्वारीच्या रानात नेऊन पसरायचा आणि परत वर यायचं. मला बघून ते सरळ उभे राहिले, पाठीला हात लावला.

"मेंढरं बसली," म्हणाले. "बाचा शब्द ऱ्हायला. आन खत बी ऱ्हायलं न्हाय."

मी म्हटलं, "आण्णा, लेंडी झाडाल. मूत कसं झाडणार?"

"त्याला खराटा चालत न्हाय. तेवडं येलीनं खावं. बाकी वरसभर एक चिमूट बी मी देत न्हाय तिला." मग खराटा माझ्या पायांकडे दाखवून म्हणाले, "चप्पल काडा. आन ह्ये तात्याला कळता कामा नये. त्याच्या मेंढराचं मी झाडून टाकतोय, ह्ये त्याला सोसायचं न्हाय."

मी शब्द दिला. चप्पल काढली आणि टोपलं उचललं. त्या दिवशी आम्ही बावीस टोपली वाहिली. दुसऱ्या सकाळीही जवळपास तेवढीच. तिसऱ्या सकाळी मात्र नऊ भरली, आणि चौथ्या सकाळी सात. आण्णा टोपल्याकडे बघत उभे राहिले.

"लेंडी कमी पडली," म्हणाले. "मेंढरं उपाशी दिसत्यात त्याची. यंदा चारा न्हाय कुटं." आणि त्याच दुपारी त्यांनी ट्रॅक्टरभर कडबा तात्यांच्या वस्तीवर पाठवून दिला. सोबत निरोप पाठवला की हा तुला नव्हे, मेंढरांना.

तो हंगाम मी श्वास रोखून काढला. छाटणी झाली, फुटी आल्या, आणि शेंडे खरोखर वेळेवर थांबले. जानेवारीत पाणी उतरलं. आण्णांनी पाणी पावपट केलं आणि आक्काचा कन्नड जप सुरू झाला. फेब्रुवारीत एका सकाळी वायनरीतून फोन आला, आत्ताच्या आत्ता साखरेचा अंदाज द्या, गाड्यांचं ठरवायचंय. मी नुकतीच पोहोचले होते. ओट्याला लागून जी पहिली वेल होती तिचा घड तोडला, रस काढला, साखर मोजायच्या मीटरच्या काचेवर थेंब टाकला. एकोणीस. कंपनीला तेवीस हवी होती. सगळं नीट करूनही बाग गेली, असं वाटलं. मी मीटर तसंच आण्णांच्या हातात दिलं.

त्यांनी काचेत बघितलं, मग माझ्याकडे. "कंची येल?"

मी बोट दाखवलं. आण्णा हसायला लागले. मी त्यांना तेवढं हसताना पुन्हा कधी पाहिलं नाही. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "आगं, भायेर ये. तुजी येल नापास झाली."

आक्का बाहेर आली ती ओशाळून. भांडी घासलेलं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, रोज दोन बादल्या ती त्या एका वेलीला घालत होती. सगळ्यांना देता येत नव्हतं, म्हणून दारातल्या एकीला. आण्णांना पहिल्या वर्षापासून ते माहीत होतं. तिचे घड ते घरात खायला ठेवायचे. मणी टपोरे, पाणचट आणि आक्काच्या मते बागेतले सगळ्यात चांगले. मग मी शहाण्यासारखी सगळ्या ओळींतून फिरून शंभर मणी गोळा केले. साडेतेवीस भरली.

माल गेटवर पास झाला त्या दिवशी मी वायनरीतूनच आण्णांना फोन केला. ते म्हणाले, "बरं झालं." आणि थोड्या वेळाने, "जाता जाता तात्याला सांगा. त्याच्याकडं फोन न्हाय."

तात्यांना मी तोवर दुरूनच पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ते मला होटगीजवळ सापडले, रुळांच्या कडेला मेंढरं चारत. डोक्याला लाल फेटा, आण्णांचाच चेहरा, फक्त उन्हाने जास्त रापलेला. माल पास झाल्याचं सांगितलं तर त्यांनी काठी जमिनीत रोवली आणि दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

"बाग ऱ्हायली म्हणायची," म्हणाले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तुमीच टोपली व्हायलाव न्हवं का? म्या बगितलंय."

तात्या सांगत गेले. दुसऱ्या सकाळी रस्त्याला लागल्यावर त्यांनी सहज मागे वळून बघितलं, तर आण्णा वाकून झाडत होते. थोरला भाऊ आपल्या मेंढरांच्या लेंड्या झाडतोय. आधी राग आला. मग गेल्या वर्षी मेंढरांपुढे पडलेली ती दोन गाड्या द्राक्षं आठवली आणि लेंडीखतच बागेला बाधतंय हे त्यांना उमगलं. त्या दिवसापासून ते कळप सरळ बागेत आणत नव्हते. वाटेतल्या ओढ्यात कोरड्या वाळूवर बसवायचे, बराच वेळ बसू द्यायचे आणि मग उठवायचे.

"मेंढरू बसून उठलं की मोकळं व्हतंय," ते म्हणाले. "आमच्या बाची रीत हाय ही. गावाच्या गल्लीतनं कळप न्यायचा आसंल तर आदी वड्यात बसवून उठवायचा, म्हंजी लोकांच्या दारात घाण व्हत न्हाय. तसं रिकामं करून मी बागंत आणतो."

"मग हे आण्णांना सांगा की," मी म्हटलं.

"न्हाय," ते म्हणाले. "आमच्या बाच्या शबदात म्या खोट घाटली. चार राती द्यायच्या त्या भरल्या पोटानं द्यायच्या. त्याला कळलं तर त्याच्या जिवाला लागंल. तुमी बी सांगू नगा." मग वैतागून म्हणाले, "आन त्यो कडबा धाडतोय. त्याला वाटतंय मेंढरं उपाशी हायत. घ्यावा लागतोय. न्हाय म्हणलं तर इचारंल, मग लेंडी कमी का?"

मी तिथेही शब्द दिला. काय करणार? त्यानंतर तीन वर्षं दर भाद्रपदात तेच. तात्या ओढ्यात कळप रिकामा करायचे, आण्णा सकाळी उरलंसुरलं झाडायचे, लेंडी कमी पडली म्हणून हळहळायचे आणि कडबा पाठवायचे. तात्या तोंड वाकडं करून तो घ्यायचे. मी मध्ये टोपलं धरून उभी. कितीदा वाटलं, ओरडून सांगावं दोघांना, की बाबांनो, पुरे करा. घरी आईला सगळं सांगून टाकलं तेव्हा कुठे जेवण गेलं. ती म्हणाली, तुला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी गप्प बसवलं.

पुढे मला पुण्यात माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि मी सोलापूर सोडलं. आता दिवसभर पिशव्यांतून आलेली कुणाकुणाची माती बघते. आण्णांची बाग अजून आहे, दर वर्षी पास होते, हे कळत असायचं. गेल्या भाद्रपदात आईकडे आले होते. न राहवून एका सकाळी स्कूटी काढली आणि कुंभारीच्या पुढे गेले.

आण्णा बांधावर बसले होते. गुडघा गेलेला, शेजारी काठी. पिशवी मात्र कमरेला होतीच. मेंढरं नुकतीच निघाली होती. मला बघून ते म्हणाले, "बरं झालं आलीस. मला वाकवत न्हाय आता," आणि खराटा माझ्या हातात दिला. म्याडमची पोर कधी झाले होते ते मलाही आठवत नाही.

मी चप्पल काढून ओळीत शिरले. अर्धी बाग झाडून झाली तरी टोपल्याचा तळ दिसत होता. मला ते बघून इतकं कसंनुसं झालं की मी आण्णांकडे पाठ करूनच झाडत राहिले. मागून ते म्हणाले, "कमी हाय न्हवं?"

"हो," मी म्हटलं.

"वड्यात मोकळी करून आणतोय त्यो."

मी खराटा घेऊन त्यांच्याकडे वळले. "तुम्हाला माहीत आहे?"

"पैल्या सालीच कळलं. तिसऱ्या दिशी लेंडी कमी दिसली तवाच. मेंढरू उपाशी आसंल तर त्याची लोकर सांगती, आन त्याच्या मेंढराची लोकर बगा की कशी हाय." ते बोटाने जमिनीवर रेघ ओढत होते. "बा काय त्याचा एकट्याचा व्हता व्हय? ती रीत मला बी ठावं हाय."

"मग कडबा?" मी विचारलं. "इतकी वर्षं उपाशी मेंढरं म्हणून कडबा पाठवताय ते?"

"त्याला स्वतासाठी काय घ्यायचं म्हणलं की त्यो हात जोडतोय. मेंढरासाठी त्याला न्हाय म्हणता येत न्हाय." आण्णांचा आवाज जरा खाली आला. "माझी बाग त्यानं वाचवली. त्याला काय तरी द्याय नगो?"

मला रडू आलं. लपवलं नाही, लपवायचं कारणही नव्हतं. पदर नव्हता म्हणून ओढणीने डोळे पुसले आणि विचारलं, "आण्णा, लेंडीच पडत नाही, तर मग झाडायचं कशाला?"

त्यांनी काठीने रस्त्याकडे दाखवलं. लांब वळणावर कळप थांबला होता, आणि त्याच्या मागे लाल फेट्याचा एक माणूस काठीवर दोन्ही हात ठेवून आमच्याकडे बघत उभा होता.

"त्यो बगतो रोज," आण्णा म्हणाले. "न्हाय झाडलं तर त्याला कळंल मला कळलंय. मग त्यो कडबा घ्यायचा न्हाय. झाड तू."

मी वाकले आणि पुढच्या ओळीला लागले. तिथे एकही लेंडी नव्हती. तात्या वळणावरून निघून जाईपर्यंत मी ती ओळ झाडत राहिले.